वेदनेचे मोल

कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. मार कोपराला बसतो. मग करंगळी का झिणझिणते? कोपराच्या आतल्या बाजूस, त्वचेच्या अगदी लगत, करंगळीकडे जाणारा एक मोठा मज्जातंतू असतो. तो दुखावला जातो.

असे मज्जातंतू सर्व शरीरभर पसरलेले आहेत. मेंदूपासून त्यांच्या 12 जोड्या निघतात व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपासून 31 जोड्या. खोडाला फांद्या व फांद्यांना डहाळ्या फुटाव्यात, तसे हे मुख्य मज्जातंतू विभागत विभागत बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचतात. त्यांतील काही तंतू स्पर्श, उष्णता व वेदना यांची वार्ता मेंदूकडे नेतात; काही मेंदूची आज्ञा स्नायूंना पोहोचवितात.

वार्ता नेणारे तंतूच निकामी झाले तर? कुष्ठरोगात पुष्कळदा कोपराजवळचा हाच मज्जातंतू बिघडतो. मग हात पोळला तरी रोग्यास कळत नाही. या रोगात बोटे आपोआप झडतात, असा पूर्वी समज होता. 1946 साली वेलोरच्या रुग्णालयात आलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, बोटांची हानी मुख्यतः अशा न कळलेल्या जखमांमुळे होते. म्हणून रोग्यांनी आपले हातपाय रोज डोळ्यांनी तपासावेत, असे ते शिकवीत.

आज कुष्ठरोग औषधांनी बरा होतो; मात्र उपचार वेळीच व्हावे लागतात, कारण पूर्ण निकामी झालेला मज्जातंतू सहसा पूर्ववत होत नाही.

वेदना कोणालाच आवडत नाही. परंतु शरीराची खरी राखण तीच करते.