पेटीतील चिपांची ओळख
(द्वितीय वर्ष, कला)

माझे वडील भंगार गोळा करतात. गेल्या दिवाळीत त्यांच्या हातगाडीवर इंटरनेटवरून साधा टेलिफोन चालवणारी एक लहान पेटी आली. तिला एका बाजूस इंटरनेटच्या तारेचे भोक, दुसऱ्या बाजूस टेलिफोनचे. "यात बोलणं कुठं असतं रे?" वडिलांनी विचारले. त्याचे उत्तर शोधताना जे शिकलो ते येथे मांडतो.

प्रथम वीज तोडून पेटी उघडावी. बॅटरीचा उजेड तिरपा पाडला म्हणजे भिंगातून चिपवरील पुसट अक्षरे वाचता येतात. तेथे उत्पादकाची खूण, चिपचा क्रमांक आणि बहुधा निर्मितीचा काळ असतो. एका चिपवरील 0932 हेच तिचे नाव समजून मी दोन दिवस शोध घेतला. तो निघाला 2009 सालचा 32 वा आठवडा!

अक्षरांइतकाच शेजारही महत्त्वाचा. इंटरनेटच्या भोकाजवळील चिपवर खेकड्याचे चित्र होते. ती तैवानच्या रिअलटेकची आरटीएल 8201, तारेवरील संकेतांची देवघेव करणारी. आठ पायांची 25क्यू64 ही स्मृती. तिच्यात 64 मेगाबिट, म्हणजे 8 मेगाबाइट मावतात. पेटीची आज्ञावली तेथेच असते.

टेलिफोनच्या भोकाजवळ अमेरिकेतील सिलिकॉन लॅब्जची एसआय 3210 होती. तिच्याभोवती ट्रान्झिस्टर आणि तारेचे वेटोळे दिसते, कारण टेलिफोनला सुमारे 48 व्होल्ट लागतात व घंटीसाठी त्याहून अधिक. हीच चिप आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजते. प्रत्येक मापास 8 बिट धरले तर सेकंदाला 64,000 बिट होतात.

मधली सर्वांत मोठी चिप धातूच्या पत्र्याखाली चिकटवलेली होती. पत्रा ओढला असता तर ती तुटली असती. बाकीच्या चिपांच्या रेघा तिच्याकडे जात होत्या, म्हणून वहीत लिहिले: 'मुख्य प्रक्रियक, क्रमांक वाचलेला नाही.' जागेवरून चिपचे काम ताडता येते, नाव मात्र वाचावेच लागते. अंदाजाला ओळख म्हणू नये, हा माझ्यापुरता धडा.

वडिलांना एसआय 3210 दाखवून म्हटले, "बोलण्याचे आकडे इथं होतात." ज्या पट्ट्या ते आजवर वजनावर विकत आले, त्यांतली ही एक त्यांनी बराच वेळ हातात धरली. मग म्हणाले, "पुढची पेटी आली की बाजूला ठेवतो."