ते पांढरं टोक म्हणजे मूळ नव्हे

"एवढी शिकलेली तू, ६५ हजारांना कशी फसलीस?" नात्यातल्या प्रत्येकीचं हे विचारून झालंय, म्हणून एकदाच लिहून टाकते. केसांच्या त्या क्लिनिकमध्ये बसल्या बसल्या मी विचारलं होतं, "मला डेंग्यू होऊन गेलाय, त्याने तर नाही ना गळत?" काउन्सेलर बाईंनी ते फॉर्मवर टिपूनसुद्धा घेतलं नाही. "तापाचं वेगळं असतं मॅडम, तुमचं मुळापासून आहे." अंगात पांढरा कोट होता. त्या डॉक्टर नव्हत्या, हे फार उशिरा कळलं.

मग त्यांनी माझ्या डोक्यावरचा एक केस ओढून काढला, काळ्या कागदावर ठेवला आणि कॅमेरा वर धरला. भिंतीवरच्या पडद्यावर तो दोरखंडाएवढा दिसायला लागला, टोकाला पांढरा गड्डा. "बघा, मूळच बाहेर आलं. इथे आता केस येणं अवघड." दिवाळीपासून रोज फणीत मूठभर गुंतवळ निघत असताना हे ऐकून कोणाच्या पोटात गोळा येणार नाही? इंजेक्शनांच्या पॅकेजच्या हप्त्यांचा कागद तर टेबलावर तयारच होता.

खरी गोष्ट कळली ती फेब्रुवारीत, एका त्वचारोगतज्ज्ञांकडे. त्यांनी पन्नासेक केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढली, हातात किती आले ते मोजले, भांग नीट पाहिला आणि विचारलं, "गळती सुरू झाली त्याच्या दोन-तीन महिने आधी काय आजार झाला होता?" मला तिथेच रडू फुटलं. हाच प्रश्न मी स्वतः पैसे भरण्याआधी विचारला होता!

एरवी डोक्यावरचे ८५-९० टक्के केस वाढत असतात, बाकीचे विश्रांतीत. जोराचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, उपाशी राहून केलेलं डाएट, असा धक्का बसला की खूप केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. पांढरा गड्डा हे त्या विश्रांतीतल्या केसाचं टोक. नवा केस ज्यातून उगवतो तो बीजकोश कातडीत शाबूत असतो. दुसरं कारण नसेल, तर ही गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप ओसरते. म्हणजे माझे केस येणारच होते! आणि त्याचं श्रेय माझंच रक्त काढून माझ्याच टाळूत टोचणाऱ्या इंजेक्शनांना मिळणार होतं. आधीचे-नंतरचे फोटो काढायची तारीखसुद्धा क्लिनिकने तशीच बेताने दिली होती. राग पैशांपेक्षा याचा जास्त येतो.

आता तुमच्यासाठी. रोज ५० ते १०० केस जाणं स्वाभाविक आहे, तेवढ्याने घाबरू नका. भांग हळूहळू रुंदावत असेल तर प्रकरण आनुवंशिक असू शकतं, तिथे वाट बघत बसू नका. गोल चकती पडली तर ती बहुधा चाई. त्यावर लसूण चोळू नका, कातडी भाजते. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. केसांच्या गोळ्यांत बायोटिन असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. मला त्या गोळ्या बंद करून, मध्ये काही दिवस जाऊ देऊन मग रक्त द्यावं लागलं. आणि गोळ्या जास्त खाल्ल्या म्हणजे केस जास्त येतात असंही नाही. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस झपाट्याने गेले, तेव्हा संशय सेलेनियम जास्त झाल्याचाच घेतला गेला. तेच सेलेनियम केसांच्या कित्येक गोळ्यांत असतं.

मिनॉक्सिडिल हे खरं औषध आहे, पण मुख्यतः आनुवंशिक गळतीवर. सुरुवातीचे काही आठवडे त्याने गळती वाढू शकते, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, सोडलं की मिळालेलं जातं, आणि गरोदरपणी ते वापरायचं नाही. क्लिनिकने मला बाटली हातात दिली, यातलं एक अक्षर सांगितलं नाही. बाकी जेवणाबरोबर चहा नको, लोह नीट अंगी लागत नाही. डाळी, अंडी, पालेभाज्या खा, झोप पुरी घ्या, केस करकचून बांधू नका. आणि धीर धरा, केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो.

उरलेल्या सिटिंगचे पैसे मागितले तर "पॅकेज परत होत नाही" म्हणाले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तुम्ही पैसे भरण्याआधी तपासणाऱ्याचं नाव आणि वैद्यकीय नोंदणी क्रमांक कागदावर लिहून मागा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तो पडताळता येतो. माझ्या फाइलवर त्या जागी नुसता क्लिनिकचा शिक्का आहे.