आधी खोलीचा पत्ता, मग चटणीचा डबा

करमाळा तालुक्याला परदेश आता नवा राहिलेला नाही. उजनीच्या काठावरची केळी कंटेनरमधून आखातात जातात, आणि दर कसा उघडला हे बांधावरच्या माणसालाही माहीत असतं. पण घरातलं लेकरू शिकायला निघतं तेव्हा हीच माणसं बावरतात, आणि मग सगळा जीव बॅगेत अडकतो. स्वेटर किती, भांडी कोणती, शेंगाचटणी किती किलो? आईवडिलांनी ती बॅग दोन दिवस बाजूला ठेवावी आणि आधी एकच प्रश्न विचारावा: उतरल्यावर राहण्याचा पत्ता कोणता?

जर्मनीचं उदाहरण घेतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, त्यामुळे शेतीवर चालणाऱ्या घरांना तो देश आवाक्यातला वाटतो. व्हिसासाठी वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये भरावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो आहे, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये. पैसे भरले की पालक निश्चिंत होतात, पण मुलगा उतरल्या दिवशी ते त्याच्या हातात येत नाहीत. तिथलं चालू बँक खातं जोडल्यावर महिन्याला 992 युरो मिळतात. बँक बहुधा पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागते. ही नोंदणी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात करायची असते, आणि तिच्यासाठी घरमालकाची सही लागते. खोलीच पक्की नसेल तर सही मिळत नाही, नोंदणी होत नाही, खातं अडतं आणि स्वतःचे पैसे असूनही पोरगं उसनवारी करतं.

म्हणून प्रवेशाचं पत्र आलं त्याच आठवड्यात विद्यार्थी वसतिगृहासाठी अर्ज करावा. ही वसतिगृहं ‘श्टुडिरेंडेनवेर्क’ ही संस्था चालवते. म्युनिकसारख्या शहरांत तिची प्रतीक्षायादी कित्येक महिन्यांची असते. सुरुवातीला तात्पुरती खोली घ्यावी लागली तर पैसे देण्याआधीच विचारावं, ‘या पत्त्यावर नोंदणी करता येईल का?’ फोटो पाठवून आगाऊ अनामत मागणाऱ्या अनोळखी माणसाला एक युरोही देऊ नये. ‘मी सध्या दुसऱ्या देशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो’ असं तो म्हणाला की बोलणं तिथेच थांबवावं. आणखी एक गोष्ट इथून सुचत नाही. खोली मिळाली की टपालपेटीवर आपलं नाव लावायचं. बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, नोकरीला लागणारा कर क्रमांक हे सगळं टपालाने येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर परत जातं.

आता पैशांचं. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. त्यात गादी, पांघरुणं, विद्यापीठाचं सत्रशुल्क. पहिल्या महिन्याचा खर्च नेहमीच्या दुप्पट धरा आणि तेवढी रक्कम फॉरेक्स कार्डावर वेगळी द्या. तिथलं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. आपल्याकडे गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास लागतो आणि बिल त्यानंतर कधीतरी येतं. ‘ऊसबिल आलं की पाठवतो’ हा हिशेब इथे जुळत नाही, तजवीज उन्हाळ्यातच हवी.

बॅगेबद्दल एवढंच, की शेंगाचटणी खुशाल द्या, पण साजूक तूप, पेढे आणि खवा देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून आलेले दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आत नेता येत नाहीत.

खोली आवडली नाही, सोबती जमला नाही, तर मुलं घरी सांगायला घाबरतात. एवढा खर्च करून पाठवलं आणि आपण तक्रार करतोय, असं त्यांना वाटतं. त्यांना डॉ. आंबेडकरांचे न्यूयॉर्कमधले पहिले दिवस सांगावेत. बडोदा सरकारची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते जुलै 1913 मध्ये तिथे पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये उतरले. तिथलं जेवण मानवेना म्हणून थोड्याच दिवसांत त्यांनी मुक्काम हलवला. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना सोबतीला मिळाले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. अभ्यासासाठी आलेल्या माणसाने अभ्यास होईल अशी जागा शोधणं यात कमीपणा कसला? पालकांनीही ‘जरा सोस की’ म्हणण्याआधी नीट ऐकून घ्यावं.

अभ्यासात एक ठेच हमखास लागते. अनेक विषयांचा निकाल सत्राच्या शेवटच्या एकाच परीक्षेवर असतो आणि त्या परीक्षेसाठी पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते. तारीख चुकली तर परीक्षेला बसता येत नाही आणि कुणी आठवणही करून देत नाही. ती तारीख पहिल्याच आठवड्यात शोधून लिहून ठेवावी. पार्ट-टाइम कामाची घाई मात्र पहिल्या महिन्यात करू नये, असं माझं ठाम मत आहे. वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस कामाची मुभा असते, ती कुठे पळून जात नाही.

फोनची वेळ ठरवून घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, त्यानंतर साडेचार तास. दिवसातून चारदा ‘जेवलास का’ विचारण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा निवांत बोला. नोंदणी झाली का, विम्याचं कार्ड आलं का, वर्गात कुणाशी ओळख झाली, हे विचारा. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारासच अंधार पडू लागतो आणि गावची आठवण तेव्हा जास्त छळते. मुलगा जेवण टाळतोय, तासांना जात नाही, फोनवर एका शब्दात उत्तरं देतोय असं सलग काही दिवस जाणवलं, तर ‘परत ये’ किंवा ‘मन घट्ट कर’ यातलं काहीच म्हणू नका. वसतिगृहं चालवणाऱ्या त्याच संस्थेकडे मानसोपचार समुपदेशन असतं, बहुतेक ठिकाणी विनाशुल्क आणि अनेक शहरांत इंग्रजीतूनही. त्याला तिथली वेळ घ्यायला सांगा, आणि ती घेतली का हे दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.