जुन्या गाडीला कुठलं ऑइल? आचोळ्याचा हिशेब

आचोळे रोडवरून नालासोपारा स्टेशन आणि परत, एवढीच ज्या बाइकची रोजची धाव, तिचं इंजिन धड तापतही नाही. न तापलेल्या इंजिनात पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साचत राहतं. म्हणजे किलोमीटर थोडे झाले तरी ऑइल खराब होतंच. नंबरप्लेटवर अजून एमएच ०४ असेल, म्हणजे वसईला एमएच ४८ मिळण्याआधीची गाडी असेल, तर माझं मत सरळ आहे : साधं मिनरल ऑइल घ्या, पण वेळेवर बदला.

हिशेब बघा. १००-११० सीसीच्या बाइकला एका वेळी साधारण ८०० ते १००० मिली ऑइल लागतं. मिनरल ऑइल लिटरमागे अंदाजे ३५० ते ४५० रुपये, वर मजुरी, ५०० धरा. दर ३००० किलोमीटरला बदललं तर ९००० किलोमीटरला १५०० रुपये. सिंथेटिकला लिटरमागे दुप्पट पैसे मोजून ते ६००० चालवलं, तरी खर्च जवळपास तेवढाच. मग मिनरलच का? कारण जुनं इंजिन ऑइल पितं. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर मधेमधे वरून ऑइल घालावं लागतं, आणि धुरात उडवायला महागडं ऑइल कशाला? (रिंगा झिजल्या असतील तर कुठल्याच ऑइलने धूर थांबत नाही, हेही ऐकून ठेवा.)

दुकानात बाटली उलटून बघा. शेजारी शेजारी ठेवलेल्या बाटल्यांत एक ९०० मिलीची असते, एक लिटरची. ९०० मिलीला ३५० म्हणजे लिटरला ३८९ पडले. एमआरपीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, वेगळा देऊ नका. पेट्रोलपंपावरची सर्वो, मॅक, एचपी ही सरकारी कंपन्यांची ऑइलं जुन्या गाडीला पुरेशी आहेत.

ग्रेडमध्ये मात्र तडजोड नको. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० असेल तर २०डब्ल्यू-४० ओतू नका. पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही मार खातात. बाइकच्या बाटलीवर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हवं, कारण तिचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. गिअर नसलेल्या स्कूटरचं ‘एमबी’ ऑइल त्यात घातलं तर क्लच स्लिप होऊ शकतो. कारचं म्हणाल, तर जुन्या मारुती ८०० ला तीन लिटरच्या आसपास ऑइल लागतं. फिल्टरही त्याच वेळी बदला.

आता पावसाळा. आचोळे रोडवर पाणी भरलं आणि गाडी त्यात बुडाली, तर आधी किक मारू नका. डिपस्टिक काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. ते काढून नवं घाला, पाच मिनिटं इंजिन चालवा आणि तेही काढून टाका. मग तिसरं भरा. स्वस्त ऑइलची खरी किंमत त्या दिवशी कळते.

काढलेलं काळं ऑइल गटारात ओतू नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. गॅरेजवाल्याच्या पिंपातच जाऊ द्या. आणि रिकामी बाटली भोक पाडूनच टाका, नाहीतर तीच पुन्हा भरून तुमच्यासमोर येईल.