ग्रॅम रंजन : तासाभरात मिळणारे पहिले उत्तर

‘कल्चरचा रिपोर्ट परवा मिळेल’ असे प्रयोगशाळेतून सांगितले जाते, तेव्हा नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो. जंतूंची वाढ होऊन त्यांवर कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे ठरण्यास साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात. तोवर उपचारांना दिशा देणाऱ्या एका जुन्या व अल्पखर्ची तपासणीची ओळख आमच्या हितचिंतकांना करून द्यावी, या हेतूने हे टिपण.

डेन्मार्कचे डॉ. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी ही पद्धत १८८४ साली प्रसिद्ध केली. काचपट्टीवर नमुन्याचा पातळ थर पसरून, वाळवून त्यावर क्रमाने जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल व शेवटी तांबडा सॅफ्रानिन घालतात. जाड भित्तिकेचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात. ते ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’. पातळ भित्तिकेच्या जंतूंचा तो रंग अल्कोहोलने धुऊन जातो व ते गुलाबी दिसतात. ते ‘ग्रॅम निगेटिव्ह’. अल्कोहोल क्षणभर जास्त राहिले तरी निष्कर्ष फिरू शकतो. म्हणून येथे अनुभवी हात लागतो.

रंगासोबत आकारही बोलका असतो. गळवाच्या पुवात जांभळ्या गोल जंतूंचे द्राक्षांसारखे घोस दिसले तर स्टॅफिलोकोकस, मण्यांची माळ दिसली तर स्ट्रेप्टोकोकस संभवतो. न्यूमोनियाच्या बेडक्यात टोकदार जांभळ्या जोड्या न्यूमोकोकस सुचवितात. मूत्रातील गुलाबी दांडके बहुधा ई. कोलाय किंवा त्याच्या गोतावळ्यातील असतात.

भाट्ये खाडीच्या परिसरात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. खाऱ्या पाण्यात माशाचा काटा रुतून झालेल्या जखमेत गुलाबी, किंचित वाकडे दांडके आढळल्यास व्हिब्रिओ कुळातील जंतूंची शंका येते. यांपैकी काहींचा संसर्ग, विशेषतः यकृताचा विकार असलेल्यांत, काही तासांत पसरून जीवघेणा ठरू शकतो. अशा वेळी योग्य औषध त्याच दिवशी सुरू होणे मोलाचे असते.

या तपासणीस मर्यादाही आहेत. भातशेतीच्या दिवसांत येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे जंतू इतके बारीक असतात की या रंगात दिसत नाहीत. क्षयाच्या जंतूंसाठी वेगळे रंजन करावे लागते. जंतू न दिसणे म्हणजे संसर्ग नसणे नव्हे. म्हणून ग्रॅम रंजन हा अंदाज असून कल्चर हा निवाडा होय.

रुग्णांच्या आप्तांस आमची नम्र विनंती अशी : शक्यतो प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी नमुना द्यावा, मात्र रुग्ण अत्यवस्थ असल्यास औषधास विलंब करू नये. तोंडातील लाळेऐवजी खोल खोकून आलेला बेडका द्यावा. जखम समुद्रात झाली की शेतात, हे आवर्जून सांगावे.

देणगीदारांच्या साह्यातून येणारे चांगले सूक्ष्मदर्शक व प्रशिक्षित तंत्रज्ञ यांचे मोल अशा एका तासात कळते.