जिआर्डिया : औषधानंतरचे पथ्य व घरातील स्वच्छता

औषधाचा पूर्ण क्रम संपवूनही महिन्याभरात तेच मूल तीच तक्रार घेऊन आमच्याकडे येते : फुगलेले पोट, दुर्गंधीयुक्त तेलकट जुलाब, घटलेले वजन. औषध निष्फळ ठरले, असा पालकांचा समज होतो. प्रत्यक्षात पुष्कळदा जंतू घरातूनच परतलेला असतो.

जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी लेवेनहूक यांनी १६८१ साली स्वतःच्याच मलात पाहिला. त्याची कवचधारी रूपे थंड पाण्यात कित्येक आठवडे तग धरतात. अशी दहा-बारा पोटात गेली तरी संसर्ग होऊ शकतो. नेहमीच्या प्रमाणातील क्लोरीनला ती सहजी दाद देत नाहीत, तुरटीने तर पाणी केवळ निवळते. म्हणून पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळावे, झाकावे व ओगराळ्याने घ्यावे. शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर आणि स्वयंपाकापूर्वी हात साबणानेच धुवावेत. घरातील निरोगी दिसणारी व्यक्तीही जंतुवाहक असू शकते. तिचीही तपासणी करावी.

आहाराबाबत होणारी चूक मायेपोटीच होते. रोगाने आतड्याच्या अस्तराला इजा पोहोचते व दुधातील साखर काही आठवडे नीट पचत नाही. अशक्तपणा भरून निघावा म्हणून आई पेलाभर दूध अधिक देते आणि जंतू गेल्यावरही जुलाब थांबत नाहीत. त्या काळात मऊ भात, मुगाचे वरण, थोडे ताजे दही द्यावे, तळलेले टाळावे. अंगावरचे दूध मात्र कदापि तोडू नये. तरीही जुलाब राहिल्यास निरनिराळ्या तीन दिवशीचे मलनमुने तपासणीस आणावेत.