अधिवेशनास जाताना मुक्काम कोठे करावा?

व्यापारी अधिवेशनासाठी मुंबईस जाणारे आपले बंधू मुक्काम ठरविताना प्रथम भाडे विचारतात. आमच्या मते प्रथम सूर्यास्ताची वेळ पाहावी. डिसेंबरात तेथे सुमारे ६ वाजता सूर्य मावळतो. सी. पी. टँकवरील हिराबाग धर्मशाळेत उतरण्याची वहिवाट जुनी. परंतु धान्याचा घाऊक बाजार आता दाणाबंदरास नसून वाशीस आहे. सभा तिकडे असली व साडेपाचास संपली, तर हार्बर लोकलने मस्जिद स्थानक गाठण्यासच पाऊण तास लागतो. पुढची पायपीट वेगळीच.

एके वर्षी बचतीच्या लोभाने आम्ही असेच लांब उतरलो. सलग दोन दिवस सायंभोजन चुकले. आम्हांस ते जड गेले नाही. पण सोबतचे मधुमेही आडते दुसऱ्या रात्री घेरी येऊन जिन्यातच बसले. चौविहाराचा नेम मोडावा की प्रकृती सांभाळावी, हा पेच आमच्या काटकसरीने त्यांच्यावर आणला, याची खंत आजही वाटते.

तेव्हापासून आम्ही सभास्थानापासून पायी जाण्याजोगी जागा घेतो. उकळलेले पाणी मिळेल काय, ५ वाजता ताट वाढतील काय, हे अगोदर विचारतो. मंदिर दूर असल्यास पहाटेच्या लोकलने दर्शनास जातो. त्या वेळी गाडीत बसावयास जागाही मिळते.